नाक धर, पण सांग

प्रिय आई,

जयभीम.

तू गेल्याले दोन वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुले पत्र लिहून राह्यली. बारावीपर्यंत शिकवलं तूनं मले, पण शुद्ध-बिद्ध काही लिहिणार नाई. तुह्याशी कोण शुद्ध बोलते!

आजच लिहाचं कारण म्हणजे उद्या संध्याकाळी ताई माह्या घरी येते. पाहुणी म्हणून येत असती तर तुले कशाले तरास दिला असता? भिंतीवरल्या तुह्या फोटोपुढे मी तीनदा उभी राह्यली, तोंड उघडलं, मिटलं आणि भांडे घासाले निघून गेली. कसं सांगू? तुले जे झालं होतं तेच ताईले निघालं, आई. छातीतली गाठ. पहिली केमो झाली. उद्या चंद्रपूरले दुसरी, आणि तिथून ती एटापल्लीले घरी न जाता आलापल्लीले माह्याकडे येणार, पंधरा दिवस राहाले. भाऊजी शाळेवर गेले की तिले तिथी घोटभर पाणी द्याले कोणी नसते.

आणि मले माह्याच घराचं भेव वाटून राह्यलं.

चार दिवसांपासून मी घर धुवून राह्यली. चादरी, परदे, उशा, ताईसाठी काढलेले माहे जुने गाऊन, सगळं. तुहा जवई म्हणते, "एवढं तर दिवाळीलेही नाई धुतलं तूनं." त्याले काय जाते बोलाले! त्याच्या अंगावर माराचा तो फवारा मीनं कपाटात कोंबला, तर पठ्ठ्यानं काढून गाडीच्या डिक्कीत लपवला. सापडला मले. आता तो शेजारच्या घरी ठेवला आहे.

पण खरी गोम वेगळी आहे, आई. मले वासच येत नाई! तुले तर माहीत आहे, आमच्या अगरबत्तीच्या केंद्रात दोन खोल्या. एकीत बांबूच्या काड्याइले काळा मसाला लावून कच्च्या काड्या बनवतेत, दुसरीत आम्ही त्या सेंटात बुडवून वाळवतो. मोगरा, केवडा, गुलाब, चंदन. सात वर्षं मी त्या सेंटाच्या खोलीत. नाक मेलं माहं. भाजी करपली तरी मले शेजारून सांगतेत. मंग माह्या घराले कशाचा वास येते, माह्या केसाले येते का, माह्या चपलेले येते का, हे मी कोणाले विचारू?

शेवटी जैवंताबाईले बोलावलं. आपल्या बाजूची गोंडाइची बुढी, तिले तू ओळखतेस. जंगलात अस्वल कुठी बसलं ते मले वासावरून समजते म्हणते. खरं-खोटं तीच जाणे. तिनं कमरेवर हात ठेवून सगळं घर हुंगलं. चादरीजवळ थांबली. "हिले येते."

"अवो, तीनदा धुतली व!"

"मंग चौथ्यांदा धू. तुह्या कपडे धुवाच्या पावडरचाच वास आहे तो."

डोस्क्यात उजेड पडला. सुवासिक पावडरनं वास काढून राह्यली होती मी! मंग बिनवासाचा साबण मेडिकलमधून आणला आणि सगळं पुन्हा भिजवलं. बुढीनं एक-एक करून माहं सारं दुकान बाहेर काढलं: अंगाची पावडर, चमेलीचं तेल, शाम्पूच्या पुड्या, तोंडाची क्रीम, फरशीचं फिनाईल. मी म्हटलं, ताईले मोहाच्या टोरीचं, बियांचं तेल लावू का, घरचं आहे, त्यात काही मिसळलेलं नाई. बुढी हसली. "घरच्याले का वास नसते व? तू नाकानं आंधळी झाली." तेही राह्यलं.

तू म्हणशीन, एवढं काय झालं पोरीले? सांगते.

ताईच्या पहिल्या केमोले मी कामावरूनच चंद्रपूरले गेली होती. रातपाळी केली, घरी येऊन अंघोळ नाई, तीच साडी, सकाळची गाडी धरली. ताई पलंगावर, हाताले सुई लावलेली. मी धावत गेली, तिच्या केसावरून हात फिरवाले वाकली, आणि ताईनं तोंड भिंतीकडे केलं.

मले असं लागलं म्हणून सांगू! एवढ्या दुरून आली मी, आणि हे काय? दुसऱ्या घडीले तिले उलटी झाली. सिस्टर भांडं घेऊन आली, आणि तिनं ताईकडे नाई, माह्याकडे पाह्यलं.

"तुम्ही काय लावून आल्या? सेंट?"

"नाई व सिस्टर. मी अगरबत्तीचं काम करते."

"जरा बाहेर उभ्या राहा. केमोच्या पेशंटले वास सहन होत नाई. सेंट, पावडर, तेल, साबण, काही काही. तुम्हाले चांगला वाटते तोच त्याइले मळमळ आणते. अंघोळ करून, साध्या साबणानं कपडे धुवून या. आणि यांच्या अंगालेही वासाचं काही लावू नका, कातडी नाजूक होते, चरचरते."

मी व्हरांड्यात जाऊन बसली. रागानं बसली असती, पण राग टिकला नाई. कारण ते तोंड भिंतीकडे करणं मीनं आधी पाह्यलं होतं, आई. तुहं.

आठवते का तुले? तुह्या दुसऱ्या केमोनंतर केस हातात यायले लागले. तू म्हणे, राहू दे, गळतीन तेवढे गळतीन. मी म्हटलं, सगळ्या घरात केस उडून राह्यले, आणि कैची आणली. तू नको-नको म्हणत होती आणि मी कापले. जबरदस्तीच केली म्हण ना. तुह्या डोळ्यातून पाणी आलं ते मीनं पाह्यलं, आणि तरी कापले. तुहे लांब केस! नंतर आठ दिवसांनी तू मले पाहून भिंतीकडे तोंड करायले लागली. कामावरून आली की मी सरळ तुह्याजवळ यायची, कशी आहेस विचाराले, आणि तू पाठ फिरवायची.

मले वाटलं, केसाचा राग आहे.

दोन दिवस मनवलं. तिसऱ्या दिवशी मलेही तिरीमिरी आली. मी का तुह्या वाईटासाठी कापले होते? रागावली असशीन तर राह्य रागावली! ताट आणाचं, ठेवाचं, निघून जायचं. "जेव" एवढा एकच शब्द. तुह्याच पोटची ना मी, रुसाले कमी पडीन कशी?

आणि ताई एटापल्लीहून आली की तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. मी दारातून पाहायची. मले वाटायचं, थोरलीच हिची. मी इथी दिवसरात मरते, ते काही नाई! आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं ते वाटायचं.

आणखी एक सांगू का? छातीले लाईट, म्हणजे रेडिएशन, द्याले सुरुवात झाली तेव्हा तुले तिथी घाम यायचा. मी रोज सकाळी त्या जागेवर डबाभर पावडर शिंपडायची, गुलाबाची. भेटाले येणाऱ्या बायाइले वाटावं पेशंट किती नीटनेटका ठेवला! "वंदूनं माय कशी फुलासारखी ठेवली," असं म्हणायच्या त्या. मले गोड वाटायचं. कातडी लाल झाली, चरचरली, तू ओठ चावून पडून राह्यची. मी समजली, लाईटनं झालं. लाईटनंच झालं असीन, पण वरून माही पावडर होती ना! आणि संध्याकाळी बुद्धवंदनेले बाबासाहेबाच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे अगरबत्ती लावायची ती तुह्या उशाजवळ, हातभर दूर. एक नाई, तीन-तीन. माह्याच हातची. तू डोळे मिटून हात जोडायची. मले काय माहीत, तू श्वास धरून बसली होती!

हे सगळं त्या व्हरांड्यात एका दमात डोळ्यापुढे आलं. मी दवाखान्याच्या बाथरूममध्ये डोक्यावरून पाणी घेतलं, भाऊजीचा सदरा घातला आणि ताईच्या पलंगापासून चार हात दूर उभी राह्यली.

"ताई, आईलेही माहा वास सहन होत नव्हता का?"

ताईनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"बोल ना व!"

"हाव," म्हणे. "मले सांगतलं होतं तिनं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणे, वंदू तिच्या पायावर उभी झाली आहे, माणसासारखं काम करते. तिच्या कामाच्या वासाले आपण नाक धराचं का?"

ऐकलं आणि मले तुही ती जुनी थप्पड आठवली, आई.

मी तिसरी-चौथीत असीन. मच्छी विकणारी एक बुढी आपल्या अंगणात टोपलं उतरवून बसली होती, आणि मीनं बोटानं नाक धरलं. तूनं तिच्यासमोर माह्या कानाखाली वाजवली. अशी, की दिवसभर कान वाजत होता. तिले आपल्या घरच्या पेल्यातून पाणी पाजलं, आणि ती गेल्यावर मले मांडीवर घेऊन सांगतलं. तुहे बाबा गावची मेलेली ढोरं ओढायचे. तू सकाळी दोन-दोनदा अंघोळ करून शाळेत जायची, तरी पोट्टे नाक धरायचे. मास्तरही धरायचा. "कोणाच्या अंगाच्या वासाले, कोणाच्या कामाच्या वासाले नाक धराचं नाई. आपल्याले धरलं होतं लोकाइनं." असं म्हणाली होती तू. मी आयुष्यात पुन्हा कोणापुढे नाक धरलं नाई. ताईनंही नाई.

आणि तूही नाई. मरतानाही नाई. पोटातलं आतडं बाहेर येऊन राह्यलं होतं, पण पोरीपुढे नाक धराचं नाई, म्हणून भिंतीकडे तोंड!

आता माहं ऐक. मी लहान आहे, पण बोलणार आहे. चुकलं तुहं. मी का त्या मास्तरासारखी होती? मी का परकी होती? तूनं नाक धरलं असतं तर माही इज्जत गेली असती का व? मले फक्त अंघोळ करावी लागली असती! दोन तांबे पाणी, आई. दोन तांबे पाण्यासाठी तूनं माहे कितीक महिने घेतले. शेवटच्या दिवशी तुहं डोकं ताईच्या मांडीवर होतं आणि मी दारात उभी होती, रुसून. ते काही परत येत नाई. तुह्यावर राग येते मले, लगित राग येते, आणि मंग त्या रागाचीच लाज वाटते.

केंद्रात मी आमच्या गटाच्या अध्यक्षबाईले म्हटलं, मले कच्च्या काडीच्या खोलीत टाका. ती म्हणे, "तिथी तोंड काळं होते वंदनाबाई, तुमचा हात सेंटात चांगला बसला आहे." मी म्हटलं, होऊ द्या काळं. आता घरी येते तर कोळशाच्या भट्टीतून निघाल्यासारखी दिसते. पण काळं धुतलं की निघते. वास निघाला का, ते कसं समजावं?

उद्याची गाडी ठरवली आहे. ड्रायव्हरले फोन करून सांगतलं, भाऊ, आरशाले ते सुगंधाचं झाड लटकवलं असीन तर काढून ये. त्याले वाटलं मी येडी आहे. दोनदा फोन केला. आता पुन्हा करावा वाटून राह्यला. विसरला असीन तर? गाडीतच तिले उलट्या लागल्या तर? सुई लावलेल्या हाताले सूज आली तर? आणि घरी आल्यावर तिनं तोंड फिरवलं तर मी ओळखू कशी, की वास आहे, का दुखणं आहे, का खरंच माहा राग आहे? ती तुहीच पोरगी आहे. तीही सांगणार नाई.

ड्रायव्हरले फोन करते. बाकी नंतर लिहिते.

*

आई, मधात दोन दिवस गेले. ताई आली. ड्रायव्हरनं झाड काढलं होतं, बिचाऱ्यानं खिडक्याही उघड्या ठेवल्या होत्या. काल दिवसभर ती झोपून होती. बुद्धवंदना आम्ही मागच्या खोलीत केली, अगरबत्ती न लावता, नुसत्या मेणबत्तीवर. बुद्धाले चालते का, मीनं विचारलं नाई, पण चालत असीन.

आज सकाळी तिच्यासाठी तांदळाची पेज केली. पातळ, मीठ टाकून, फोडणी नाई. वाटी घेऊन गेली, तिच्याजवळ बसली. म्हटलं, "उठ, दोन घोट घे."

ताईनं तोंड भिंतीकडे केलं.

हात तपासले. पदर तपासला. बिनवासाच्या साबणानं दोनदा अंघोळ झालेली. मंग काय राह्यलं?

"वास येते का?"

"नाई व. झोप येऊन राह्यली."

"वास येते का ते सांग!"

"काही नाई म्हटलं ना. ठेव तिथी, घेईन मी."

ठेव तिथी! मीही असंच ठेवून निघून जायची ना तुह्यापुढे? माहं डोस्कं सटकलं. मी ओरडली, खरंच ओरडली, आजारी माणसावर. "खोटं बोलू नको! असंच खोटं बोलून आई गेली, आणि मले दोन वर्षं वाटून राह्यलं की ती माह्यावर रागावून गेली! तुले वास येते तर धर नाक! माह्या तोंडावर धर! मी रडणार नाई, काम सोडणार नाई, मरणार नाई! नाक धर, पण सांग!"

आवाज ऐकून जैवंताबाई कुंपणापर्यंत आली आणि परत गेली.

ताई वळली. माह्याकडे पाह्यलं. मंग हळूच पदर उचलला आणि नाकाले लावला.

"बाम लावला का व तू कपाळाले?"

मी कपाळाले हात लावला. चिकट! अवो माय! सकाळी टेन्शननं डोस्कं फुटून राह्यलं होतं, हात आपोआप डबीकडे गेला असीन. सारं घर धुतलं, ड्रायव्हरचं झाड काढलं, आणि स्वतःच्या कपाळाले बाम थापून पेशंटजवळ बसली!

"सरक तिकडे," ताई पदरातून म्हणाली. "ओकीन मी आता."

असं कोणी मले आयुष्यात म्हटलं नव्हतं, आणि मले इतकं बरं वाटलं! मी मोरीत पळाली, साबणानं कपाळ खरखर घासलं, आणि तिथीच हसली, आणि हसता-हसता जे रडाले आलं ते थांबेना. बाहेर आली तर ताईही रडून राह्यली होती. "आईनं पाह्यलं असतं तर मले मारलं असतं," म्हणे.

मंग तिनं अर्धी वाटी पेज घेतली. उलटी नाई झाली. दुपारी म्हणे, "वंदे, ह्या उशीलेही जरासा येते." मी काढली. मंग म्हणे, "तो कोपऱ्यातला डबा." तोही काढला. आता ती हुकूम सोडून राह्यली, थोरली ना!

भेव गेलं नाई, आई. चार केमो बाकी आहेत, मंग ऑपरेशन, मंग लाईट. तिच्या कंगव्यात आज केस दिसले. कैचीले मी हात लावणार नाई, ती म्हणीन तेव्हाच. रिपोर्टचा कागद मी रोज उघडते आणि मले त्यातलं काही समजत नाई. तुह्या वेळेसही सगळं बरं चाललं आहे म्हणायचे.

आणि डॉक्टरनं मलेही तपासणी करून घे म्हटलं आहे. माय आणि बहीण दोघीले झालं, म्हणून. मी टाळून राह्यली होती. ताई उठून बसाले लागली की जाईन. हे तुले कबूल करते, म्हणजे मले मागे फिरता येणार नाई.

आणखी एक कबूल करते. माह्यापासून कोणी तोंड फिरवलं तर मी रुसून दारात उभी राहणार नाई. जवळ जाऊन विचारीन, दूर सरकून विचारीन, ओरडून विचारीन, पण विचारीन. आणि उद्या मलेच काही निघालं, आणि माह्या नवऱ्याचा, ताईचा, कोणाचाही वास मले सहन झाला नाई, तर मी त्याइच्या तोंडासमोर नाक धरीन आणि म्हणीन, सरक, अंघोळ कर, आणि लवकर परत ये.

तू तेव्हा मारू नको.

तुही धाकटी,
वंदू